इर्जिकीची वाकडी ओळ

भाऊसाहेबांना एक खोड होती. कुणी 'हात लावू नका' म्हटलं की त्यांच्या हाताला खाज सुटायची.

सून माधवी सकाळी गावात जाताना तेवढंच म्हणाली होती, "अण्णा, त्या पांढऱ्या ट्रेलरला हात लावू नका हं." भाऊसाहेबांना वाटलं, पोर आपल्या कमरेची काळजी करतीय. आता कमरेला काय धाड भरली होती? पारनेरच्या रानात पन्नास वर्षं मोडलेली कंबर ती. महिनाभर इथं बसून खाऊन उलट तिला गंज चढायला लागला होता.

इथं म्हणजे कॅनडात, आणि कॅनडातही पार वरच्या अंगाला, पीस नदीच्या मुलखात. मुलगा उल्हास आणि माधवी आधी कॅल्गरीत तेलकंपनीच्या ऑफिसात होते. चांगल्या खुर्च्या, चांगले पगार. मग दोघांना काय अवदसा आठवली कुणास ठाऊक, उत्तरेत येऊन शेत घेतलं. उल्हास अजून पाळीनं तेलाच्या कॅम्पवर जायचा, दोन आठवडे तिकडं नि एक आठवडा घरी. शेत माधवीच बघायची. गहू, वाटाणा, कॅनोला. जमीन अशी की मूठभर घेतली तर खावीशी वाटावी. पण अलीकडं हिवाळे आखूड झाले होते, बर्फ धड पडत नव्हतं, आणि मे महिन्यात वारा सुटला की रानातली माती उठून शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसायची. मागच्या साली तर वाऱ्यानं पेरलेलं बी उघडं पाडलं. जुन्या मालकानं बांधाला लावलेली स्प्रूसची झाडं होती, तीही तहानेनं उभ्या उभ्या वाळली.

म्हणून माधवीनं वनखात्याच्या एका प्रयोगात नाव घातलं होतं. दक्षिणेकडच्या डोंगरातलं पाइनचं बी आणून त्याची रोपं करायची आणि इथं लावायची. उद्या इथली हवा तिकडच्यासारखी होणार, तर झाडंही आजच तिकडची आणावीत, असा तो हिशेब. दोन वर्षं नर्सरीत वाढवून तीन हजार रोपं आली होती. "ही वाऱ्याची ओळ धरली तर आपण इथं टिकू अण्णा," ती म्हणायची, "नाहीतर धुळीचं दुकान काढू."

तर ती गेल्यावर भाऊसाहेबांनी ट्रेलर उघडला.

आत घुमघुम करत थंडीचं यंत्र चाललेलं. मेणकापडी खोकी रचलेली. एक उघडून बघतात तो काय, वीतभर रोपं, मुळांभोवती मातीचे गोळे, आणि ते गोळे दगडासारखे गोठलेले. "अरारारा," ते म्हणाले, "ही तर काकडून मरायला टेकली." त्यांनी आधी यंत्र बंद केलं. डिझेल फुकट जाळणाऱ्याचा त्यांना मुळात राग. मग एकेक खोकं उचलून अंगणात उन्हाला मांडलं, झाकणं उघडली, घरातून बादलीभर कोमट पाणी आणून लेकरांना न्हाऊ घालावं तसं शिंपडलं. मे महिन्याचं ऊन कधी नव्हे ते चटचटत होतं. दुपारपर्यंत गोळे मऊ झाले, शेंडे हिरवेगार दिसायला लागले. भाऊसाहेब पायरीवर बसून चहा पीत त्यांच्याकडं बघत राहिले. महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना कामाला आल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात नात ऊर्मी उठून बाहेर आली. एडमंटनच्या कॉलेजातून सुट्टीला आलेली, दुपारी बाराला तिची सकाळ व्हायची.

"आजोबा, व्हॉट डिड यू डू?"

"जीव वाचवला त्यांचा."

"दे आर सपोज्ड टू बी फ्रोझन." तिनं कपाळाला हात लावला. "म्हणजे... दे आर स्लीपिंग, आजोबा. झोपलेली असतात. लावायच्या दिवशी उठवायचं."

भाऊसाहेबांनी चहाचा कप पायरीवर ठेवला. पण हार मानतील तर ते भाऊसाहेब कसले. यंत्र पुन्हा चालू होईना, कुठलं बटण दाबलं हेच आठवेना. मग ते एक खोकं कवटाळून बेसमेंटमध्ये उतरले. तिथं मोठा फ्रीजर होता. त्यातली वाटाण्याची पाकिटं, खवलेला नारळ, माधवीनं आठवडाभरासाठी करून ठेवलेल्या पोळ्या, सगळं त्यांनी जमिनीवर काढलं. माधवी घरी आली तेव्हा सासरे फ्रीजरमध्ये अर्धे वाकलेले होते आणि भोवती वाटाण्यांची आरास होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती जिन्याच्या पायरीवर बसली.

"अण्णा, परत नका गोठवू. त्यानं तर नक्की मरतात."

"मग?"

"जागी झाली ती झाली. ह्या उन्हात फार तर तीन-चार दिवस. तेवढ्यात जमिनीत गेली पाहिजेत." लावणारी टोळी यायला अजून दोन आठवडे होते. तिनं तिथूनच टोळीच्या मुकादमाला फोन लावला. पलीकडचा बराच वेळ बोलत होता. पश्चिमेला जंगल पेटलं होतं, पोरं तिकडं लागली होती, आधी येणं शक्यच नव्हतं. माधवीनं फोन ठेवला आणि बाहीनं डोळे पुसले.

भाऊसाहेबांनी फ्रीजरचं झाकण हळूच लावलं. ही पोर भर बर्फात ट्रॅक्टरखाली आडवी पडून नट आवळते, तिच्या डोळ्यांत आपण पाणी आणलं. त्यांना वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"माधवी," ते म्हणाले, "इर्जिक घालू."

"काय?"

"इर्जिक गं. तुम्हा कोथरूडच्या लोकांना काय ठाऊक असणार. एका दिवसाचं काम, साऱ्या गावाचे हात, आणि आपल्या घरी गोड जेवण. मजुरी न्हाई का हिशेब न्हाई. आमच्याकडं नांगरट अशीच व्हायची."

"इथं कोण येणार अण्णा? इथं प्रत्येकाची पेरणी चालू आहे."

"तू कधी मागून बघितलंस का?"

माधवीनं नव्हतं बघितलं. सहा वर्षांत तिनं कुणाकडं पाना मागितला नव्हता. मागायची तिला लाज वाटायची, बाहेरून आलेल्या बाईला शेती जमत नाही असं कुणी म्हणेल म्हणून.

"फोन करते मग एक-दोघांना," ती म्हणाली.

"फोनवर का इर्जिक सांगतात? दारात जावं लागतं. आणि बांधाला बांध लागतो त्याला आधी."

"ऑर्व्हिलला? अण्णा, तो आपल्याशी बोलत नाही."

"म्हणून तर आधी."

या ऑर्व्हिलचं नि माधवीचं पाण्यावरून फाटलं होतं. तिनं गेल्या वर्षी ओघळीला छोटा बांध घालून वितळलेल्या बर्फाचं पाणी शेततळ्यात अडवलं, त्याचं म्हणणं खालचं माझं रान कोरडं पडलं. ह्या मुलखात रस्त्यावर समोरून गाडी आली की नमस्कारादाखल स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची रीत आहे. ऑर्व्हिलनं तेव्हापासून बोटं उचलणं बंद केलं होतं.

भाऊसाहेबांनी पेटीतून धुवट धोतर काढलं, पांढरी टोपी झटकली. ऊर्मी पिकअप चालवायला नि दुभाषी म्हणून. आधी ऑर्व्हिल. त्यानं जाळीचा दरवाजाही उघडला नाही. आतल्या अंधारात एक दाढी तेवढी दिसत होती. भाऊसाहेब टोपी हातात घेऊन पायरीखाली उभे. आयुष्यात ते असे कुणाच्या दारात उभे राहिले नव्हते. कान तापले, पण बोलले.

"म्हणावं, उद्या इर्जिक हाय. झाडं लावायचीत. चूक माझी झाली. जेवायला आमच्याकडं."

ऊर्मीनं सांगितलं. जाळीमागून आवाज आला, "आय गॉट सीडिंग टू डू."

"काय म्हणाला?"

"पेरणी आहे म्हणतो."

"असू दे. सांगितलं, आपलं काम झालं."

पुढच्या घरी डॉरीन नावाची म्हातारी. ऊर्मीनं दोनच वाक्यं सांगितली तोवर तिनं टाळी वाजवली. "ओह, अ बी!" तिकडं अशा कामाला 'बी' म्हणायचे. तिच्या आजाचं खळ्याचं कोठार म्हणे असंच सगळ्यांनी मिळून एका दिवसात उभं केलं होतं. पन्नास वर्षांत कुणी बोलावलं नव्हतं तिला. मी येते, म्हणाली, आणि चर्चमधल्या सगळ्यांना सांगते. हमरस्त्यावरच्या मोटेलचा पंजाबी मालक भाऊसाहेबांची टोपी बघूनच बाहेर आला. त्याच्याशी हिंदीत पोटभर बोलणं झालं. "बाबाजी, हम तो आएँगे ही, आप हलवा बनाओ."

"हलवा नही, लापशी," भाऊसाहेब म्हणाले. "घर का गहू."

दुपारपासून घरोघर हिंडून ते परतले तेव्हा रात्रीचे दहा वाजत आले होते आणि ऊन अजून कुंपणावर होतं. ह्या देशात सांजवात कधी लावायची हे त्यांना अजून उमगलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माधवी अंगणात उभी राहून रस्त्याकडं बघत होती. तिनं वीस माणसांचा अंदाज धरून गहू भरडला होता, पण तिची खात्री चौघांपुरतीही नव्हती. मग धूळ दिसली. एक पिकअप, त्याच्यामागं दुसरा, मग रांगच लागली. धुराच्या वासानं हवा जड झालेली, सूर्य तांब्याच्या परातीसारखा लाल, आणि त्यातून माणसं उतरायला लागली. हातात फावडी, डोक्यावर टोप्या, पोरं, म्हातारी, दोन कुत्री. माधवीनं तोंडावर हात धरला.

"बघ," भाऊसाहेब म्हणाले.

माधवीनं सगळ्यांना लावणी दाखवली. फावड्यानं फट पाडायची, गोळा सरळ सोडायचा, मूळ दुमडायचं नाही, टाचेनं दाबून हवा काढायची, पुढं चालायचं. सोपं काम. पण भाऊसाहेबांना ते पटेना. रोप लावायचं म्हणजे भोवती आळं करावं, ढेकळं फोडावीत, दोन शब्द बोलावेत. डॉरीनबाई गुडघ्याचा पट्टा बांधून त्यांच्या बाजूच्या ओळीत होत्या. भाऊसाहेबांची दहा रोपं झाली तोवर त्या पार पुढं जाऊन वळून परत येत होत्या. जाताना त्यांनी भाऊसाहेबांच्या सुबक आळ्यांकडं बघून "व्हेरी प्रिटी" म्हटलं. कौतुक नव्हतं ते, एवढं इंग्रजी त्यांना कळत होतं.

"अण्णा," माधवी हळूच म्हणाली, "तुम्ही ओळ आखायला घ्या ना. तुमची नजर चांगली आहे."

बढती आहे का हकालपट्टी, हे भाऊसाहेबांना बरोबर कळलं. तरी त्यांनी सुतळीचा गुंडा घेतला. ऑर्व्हिलच्या रानाला लागून जाणारी कडेची ओळ त्यांच्या वाट्याला आली. माधवीनं हद्दीच्या खुणेला लावलेल्या झेंड्या रात्रीच्या वाऱ्यानं उडून गेल्या होत्या. झेंड्या नसल्या तर नसल्या. त्यांच्या तरुणपणी कुठं होत्या झेंड्या? लांबची एक खूण धरायची आणि नाकासमोर चालायचं, सरी कधी चुकत नाही. त्यांनी डोळे बारीक करून क्षितिजावर बघितलं. दूर एक लाल ठिपका दिसला. उत्तम. ते सुतळी ओढत निघाले, मागून माणसं लावत निघाली.

कामाला रंग भरला. भाऊसाहेबांनी वर तोंड करून भलरीचं गाणं धरलं. शब्द जागच्या जागी जुळवलेले, त्यात डॉरीनबाईंचे गुडघे, मोटेलवाल्याचं पोट, माधवीचा दरारा, सगळं आलं. कुणाला कळलं नाही, पण ओळीच्या शेवटी 'हो जी' म्हणायचं असतं हे पोरांनी पटकन उचललं. दर थोड्या वेळानं ते मान वर करून लाल ठिपक्याकडं बघायचे आणि तिकडं सुतळी ताणायचे. ठिपका जरा मोठा होत होता, म्हणजे आपण जवळ येतोय. चांगलं चाललं होतं.

मग ठिपका चालत त्यांच्याकडं यायला लागला.

तो ऑर्व्हिलचा ट्रॅक्टर होता. तो समोर येऊन थांबला. ऑर्व्हिल खाली उतरला, सहा फूट हाडं आणि मळकी टोपी, आणि त्यानं जमिनीकडं बोट केलं.

"दीज आर ऑन माय लँड."

सगळं काम थांबलं. भाऊसाहेबांनी मागं वळून बघितलं. ओळ सुरुवातीला सुतासारखी सरळ होती. मग हळूहळू वळत, बैलमुतणीसारखी, ती बैलाच्या चांगल्या दोन-तीन कासऱ्यांएवढी ऑर्व्हिलच्या रानात शिरली होती. पन्नासेक रोपं तरी पलीकडं.

माधवी पळत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आता हा सगळंच बंद पाडणार, वकील आणणार. रोपं निम्मी अजून खोक्यातच होती आणि ऊन चढत होतं.

भाऊसाहेब बांधाच्या भांडणात मुरलेला माणूस. हातभर बांधासाठी सख्ख्या चुलतभावाशी त्यांनी अर्धी हयात कोर्टात घालवली होती. भावाच्या लेकीच्या लग्नाला गेले नव्हते. कोरलेल्या बांधाला काय म्हणायचं, मोजणी कशी मागायची, आवाज कुठं चढवायचा, सगळं त्यांच्या जिभेवर तयार होतं. पण आज त्यांच्या डोळ्यांपुढं जिन्यावर बसलेली माधवी होती. ते धोतर सावरून खाली बसले आणि हातानं माती उकरून शेवटचं रोप अलगद काढलं, मांडीवर ठेवलं. मग त्याच्या अलीकडचं. मग त्याच्या अलीकडचं.

"व्हॉट्स ही डूइंग?" ऑर्व्हिलनं विचारलं.

"तुमची जमीन परत देतायत," ऊर्मी इंग्रजीत म्हणाली.

ऑर्व्हिल थोडा वेळ म्हाताऱ्याच्या मातकट बोटांकडं बघत राहिला. मग म्हणाला, माणूस इतकं वाकडं चालतो तरी कसा, विचार त्यांना.

"वाकडं?" भाऊसाहेबांना हे मात्र लागलं. "म्हणावं, नीट खूण धरून चाललोय. ती बघ, ती लाल..." त्यांनी बोट वर केलं. बोट थेट ट्रॅक्टरवर गेलं. मग त्यांनी ओळीकडं बघितलं, पुन्हा ट्रॅक्टरकडं. "आयला," ते हळूच म्हणाले.

ऊर्मीला हसू आवरेना. "यू वेअर मूव्हिंग, ऑर्व्हिल. सकाळपासून तुम्ही हलत होतात?"

ऑर्व्हिलचे दाढीवरचे गाल लाल झाले. सकाळपासून तो पेरणीचं निमित्त करून त्यांचं काय चाललंय ते बघत होता. भलरी ऐकू आली म्हणून थोडा पुढं सरकला, मग आणखी थोडा. जसजसा तो सरकला तसतशी ओळ त्याच्यामागं वळत गेली. त्यानं चाकाच्या खुणा बघितल्या, ओळ बघितली, टोपी काढून डोकं खाजवलं, आणि मग तो हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, तरी थांबेना.

"सो आय प्लँटेड देम," तो म्हणाला.

"ही मीच लावली की, म्हणतो," ऊर्मीनं सांगितलं.

ऑर्व्हिलनं वाकून भाऊसाहेबांच्या मांडीवरचं रोप उचललं, खड्ड्यात सोडलं आणि बुटाच्या टाचेनं दाबलं. माझ्या रानातली माझी, तो माधवीला म्हणाला, पाण्याच्या भांडणाचं मग बघू. आणि ट्रॅक्टरमागं लावायला त्याच्याकडं पाण्याची टाकी होती, ती आणतो म्हणाला.

जेवणाच्या वेळी मात्र खरं भांडण झालं. पाहुण्यांनी गाड्यांतून डबे काढले. सँडविच, बटाट्याची ताटं, फळांचं सारण भरलेले तीन प्रकारचे गोड 'पाय'. भाऊसाहेब खवळले. "इर्जिकीला डबा आणतात व्हय? हे तर यजमानाच्या तोंडात मारणं झालं."

"अण्णा, इथं रिकाम्या हातानं येणं लाजिरवाणं समजतात."

"मग त्यांची लाज राहील आणि आपली जाईल?"

शेवटी तोड निघाली. आधी सगळ्यांनी लापशी आणि वाटाण्याची आमटी खायची, भाऊसाहेब स्वतः पंगतीत वाढणार. मग भाऊसाहेबांनी प्रत्येकाच्या ताटातलं चाखायचं. डॉरीनबाईंनी लापशी तीनदा घेतली. ऑर्व्हिलनं ठेचा जॅम समजून पावावर फासला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत गप्प राहिला आणि पुन्हा मागितला. ऊन कलता कलता शेवटचं खोकं रिकामं झालं. माधवीनं ते उलटं करून झटकलं, त्यावर बसली, आणि सगळ्यांसमोर रडायला लागली. हे वेगळं रडणं होतं, त्यामुळं भाऊसाहेबांनाही जरासं रडता आलं.

आठवड्यानं उल्हास कॅम्पवरून आला. वाटेत ऑर्व्हिल भेटला, त्यानं दोन बोटं उचलली, ह्याचाच त्याला अचंबा.

"टोळी लवकर आली का गं?"

"टोळी ह्या वर्षी येतच नाहीये," माधवी म्हणाली. "काल फोन आला. आगीतून सुटका नाही म्हणे त्यांची. अण्णांनी इर्जिक घातली म्हणून झालं."

"पण रोपं तर ट्रेलरात गोठलेली होती."

"वितळली."

"कशानं?"

"उन्हानं."

भाऊसाहेबांनी भाकरीचा घास खाली ठेवला. टोळी येणारच नव्हती? म्हणजे रोपं तशीच ट्रेलरात झोपून राहिली असती. म्हणजे आपण जे केलं ते... त्यांची छाती फुगायला लागली, तोंड उघडलं.

"अण्णा," माधवी न बघता म्हणाली, "जेवा."

ते जेवले. पण त्या दिवशी भाकरी अंमळ जास्तच गोड लागली.

जूनमध्ये शेंड्यांना फिकट हिरवे कोंब फुटले. सगळी जगली नाहीत, पण डॉरीनबाईंची ओळ नि ऑर्व्हिलच्या रानातलं वळण जोमानं धरलं. भाऊसाहेब रोज सकाळी त्या वळणापर्यंत चालत जायचे. एके दिवशी त्यांनी ऊर्मीला सांगितलं, फोटो काढ. बांध, ओळ, वळण, सगळं आलं पाहिजे.

"कुणाला पाठवू?"

त्यांनी जरा घसा खाकरला. मग चुलतभावाचं नाव सांगितलं. गेली कैक वर्षं ते नाव त्यांच्या तोंडून शिवीशिवाय निघालं नव्हतं. फोटो गेला. दोघं बांधावरच बसून राहिली. बऱ्याच वेळानं फोन वाजला आणि ऊर्मीनं अडखळत वाचलं, "ओळ वाकडी लावलीस की रं. सुतळी नव्हती का?"

भाऊसाहेबांनी ते पुन्हा वाचून घेतलं. मग आणखी एकदा. टोपीनं डोळे पुसले.

"लिही," ते म्हणाले, "सुतळी होती. आल्यावर सांगतो. चहा टाकून ठेव."